लॉक आणि डिलीट यांतला फरक

हा लेख एका चुकीची कबुली आहे आणि थोडीफार माहितीही आहे. चूक माझीच आहे, त्यामुळे सांगायला संकोच नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आदिलाबादला घरी होते. आमचं गाव बेला मंडलात. पेनगंगा ओलांडली की पलीकडे महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात तेलुगू, बस स्टँडवर हिंदी, असा आमचा रोजचा कारभार. आपल्या ई-मासिकाचं काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्या रेडमाइनचं अॅडमिनपद एप्रिलमध्येच माझ्याकडे आलं होतं. आधीच्या अॅडमिनदादाने पासवर्ड दिला आणि म्हणाला, “काही नाही गं, फक्त लोकांची अकाउंट्स बघायची.” मला वाटलं, यात बघायचं काय?

एका दुपारी लाइट होती, नेटही बरं चाललं होतं. मी यूझर्सची यादी उघडली. त्यात पास होऊन गेलेल्यांची बरीच नावं होती. म्हटलं, साफसफाई करू. तीन वर्षं आपलं मुद्रितशोधन बघणारी एक ताई मार्चमध्ये कॉलेज संपवून गेली होती. तिच्या नावासमोर ‘लॉक’ होतं आणि ‘डिलीट’ही. मी डिलीट दाबलं. खात्री आहे का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. मला खात्री होती.

नऊ दिवसांनी एका संपादकाचा फोन आला. “अगं, दिवाळी अंकातल्या सगळ्या सूचना कुणी ‘अनामिक’ने लिहिल्यात. कोण हा अनामिक?”

तिथून माझा अभ्यास सुरू झाला. तो तुमच्यापुढे ठेवते, कारण पुढच्या वर्षी हे काम तुमच्यापैकी कुणाकडे तरी येणारच आहे.

आधी थोडी ओळख. रेडमाइन हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर आहे. ज्याँ-फिलिप लाँग या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००६ मध्ये प्रसिद्ध केलं. आपण त्यावर प्रत्येक अंकाचा एक प्रोजेक्ट करतो. प्रत्येक कविता, कथा, लेख म्हणजे एक ‘इश्यू’. तो कुणाकडे आहे, कधीपर्यंत व्हायचा आहे, त्यावर कोण काय म्हणालं, हे सगळं त्या इश्यूखाली साठत जातं. म्हणजे छापून आलेला लेख मासिकात दिसतो, आणि तो तसा का झाला हे रेडमाइनमध्ये दिसतं. एका कवितेत ‘ऊन’ की ‘उन’ यावर आपल्याकडे अठरा टिपा पडल्या होत्या, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

आता मुद्द्याचं. रेडमाइनमध्ये माणसाचं अकाउंट तीनपैकी एका अवस्थेत असतं. तिथे त्याला स्टेटस म्हणतात.

पहिलं स्टेटस ‘रजिस्टर्ड’, म्हणजे नोंदलेलं. कुणी नवीन मुलगी नाव, ईमेल, पासवर्ड भरते. तिची नोंद होते, पण दार उघडत नाही. लॉगिन करायला गेली तर अकाउंट अजून सुरू झालेलं नाही, असा निरोप येतो. दार कसं उघडायचं हे अॅडमिनने आधी सेटिंग्जमध्ये ठरवलेलं असतं. चार पर्याय आहेत: स्वतःहून नोंदणी बंदच ठेवायची, ईमेलवर दुवा पाठवून सुरू करू द्यायचं, अॅडमिनने हाताने सुरू करायचं, किंवा नोंदणी होताच आपोआप सुरू. आपण तिसरा पर्याय ठेवला आहे, म्हणजे कुणीही बाहेरचा येऊन घुसू नये. यात एक मेख आहे. अॅडमिनला ईमेल येतो की अमुक वाट बघतोय, आणि अॅडमिनने तो ईमेल वाचलाच नाही तर तो माणूस वाटच बघत बसतो. एफ.वाय.ची एक मुलगी माझ्या ढिलाईमुळे सतरा दिवस दाराबाहेर उभी होती. तिला वाटलं, मंडळाला आपली कविता नको आहे. मला वाटलं, नवीन कुणी आलंच नाही. दोघींचाही समज चुकीचा होता.

दुसरं स्टेटस ‘अॅक्टिव्ह’, चालू. लॉगिन करता येतं, कामं अंगावर घेता येतात, ईमेल येतात. अॅडमिनने रजिस्टर्डवरून अॅक्टिव्ह केलं की त्या व्यक्तीला तसा ईमेल जातो. पण नुसतं अॅक्टिव्ह असून भागत नाही, हेही लक्षात ठेवा. अकाउंट चालू असणं वेगळं आणि एखाद्या प्रोजेक्टचं सभासद असणं वेगळं. कॉलेजच्या गेटमधून आत आलात म्हणजे ग्रंथालयाचं कार्ड मिळालं असं होत नाही ना? प्रोजेक्टमध्ये सभासद म्हणून घालावं लागतं आणि भूमिका द्यावी लागते: लेखक, संपादक, मुद्रितशोधक. म्हणून कुणाला फक्त दिवाळी अंकाच्या कामातून मोकळं करायचं असेल, तर त्या प्रोजेक्टमधून काढा. अकाउंटला हात लावायची गरज नाही.

तिसरं स्टेटस ‘लॉक्ड’, कुलूपबंद. हे नीट समजून घ्या, कारण मला समजलं नव्हतं. अकाउंट लॉक केलं की त्या व्यक्तीला लॉगिन करता येत नाही. ती आत बसलेली असली तरी पुढच्या क्लिकला बाहेर पडते. सूचनांचे ईमेल बंद होतात. नवीन काम कुणाला द्यायचं त्या यादीत तिचं नाव येत नाही. प्रोजेक्टच्या सभासदांत ती दिसत नाही. पण तिने लिहिलेलं सगळं तिच्या नावावर जसंच्या तसं राहतं. प्रत्येक टीप, प्रत्येक दुरुस्ती, तारखेसकट. तिचं सभासदत्व आणि भूमिकाही आत जपून ठेवलेल्या असतात. उद्या ती परत आली, अनलॉक केलं, की सगळं होतं तिथून सुरू.

आणि डिलीट? डिलीट हे स्टेटसच नाही. लॉक ही माणसाची एक अवस्था आहे, डिलीट केल्यावर ज्याची अवस्था सांगायची तो माणूसच उरत नाही. मग त्याने लिहिलेल्या गोष्टींचं काय करायचं? त्या काढून टाकल्या तर सगळ्या चर्चांना भोकं पडतील. म्हणून रेडमाइन मजकूर ठेवतं आणि नाव बदलून ‘अनामिक’ करतं. त्या व्यक्तीकडे असलेली कामं कुणाकडेच नसलेली होतात. पुन्हा त्याच नावाने, त्याच ईमेलने नवं अकाउंट उघडलं तरी जुनं लिखाण तिच्याकडे परत येत नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती नवीन बाई असते.

म्हणजे ताईच्या तीन वर्षांच्या टिपा जागेवर होत्या. फक्त त्या तिच्या राहिल्या नव्हत्या.

आपल्याला, साहित्याच्या विद्यार्थ्यांना, यातली गंमत आणि यातलं दुःख दोन्ही कळायला हवं. कुठलीशी ओवी कुणी रचली, यावर आपण वर्गात तास-तास घालवतो. जात्यावर गाणाऱ्या किती बायकांची नावं आपल्याला माहीत नाहीत म्हणून हळहळतो. आणि एका जिवंत बाईचं नाव मी एका क्लिकमध्ये तिच्या कामावरून पुसलं, तेही ‘साफसफाई’ म्हणून.

त्याच सुट्टीत आणखी दोन गोष्टी घडल्या. त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात कंप्युटरपुरता राहिला नाही.

आमच्या शेजारच्या मावशी कापूस वेचायला जातात, आणि कापसाचा हंगाम संपला की रोजगार हमीच्या कामावर. एका संध्याकाळी त्या आपलं जॉब कार्ड घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “पोरी, तुला कंप्युटरचं समजते न? बघ बरं माझं नाव हाय का. कामावरची पोरं म्हणते यादीत नाही.” मी मोबाइलवर शोधलं. कार्ड होतं, घरच्यांची नावं होती, त्यांचं नव्हतं. त्यांनी हातातल्या कागदी कार्डाकडे बघितलं, त्यावर त्यांचा फोटो होता. “मंग ही कोण हाय?” त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

नंतर मी या योजनेबद्दल वाचलं. रोजगार हमीची मूळ कल्पना महाराष्ट्रातली, वि. स. पागे यांची. महाराष्ट्राने १९७७ मध्ये तिचा कायदा केला. देशाचा कायदा २००५ चा, आणि २ फेब्रुवारी २००६ ला ज्या पहिल्या २०० जिल्ह्यांत तो सुरू झाला त्यांत तेव्हाचा अखंड आदिलाबाद जिल्हा होता. या योजनेचा सगळा हिशोब ऑनलाइन आहे: कोणतं काम, कुठे, किती दिवस, कोणी केलं, पैसे कधी गेले. विचार केला तर हेसुद्धा प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअरच आहे, फक्त आपल्या रेडमाइनपेक्षा कितीतरी पटींनी मोठं. आणि तिथेही माणसाला स्टेटस आहे. मागच्या तीन आर्थिक वर्षांत एक दिवस तरी काम केलेलं असेल तर तो ‘सक्रिय’ कामगार. नाव कमी करायची कारणंही ठरलेली: बनावट कार्ड, दुबार कार्ड, काम करायची इच्छा नाही, कुटुंब गाव सोडून गेलं, मृत्यू.

जुलै २०२३ मध्ये सरकारने लोकसभेत आकडे दिले. २०२१-२२ मध्ये देशभरात सुमारे १ कोटी ४९ लाख कामगारांची नावं कमी झाली होती. २०२२-२३ मध्ये ५ कोटी १८ लाखांहून जास्त. एकट्या तेलंगणात त्या वर्षी १७ लाखांहून अधिक. यातली किती खरंच बनावट किंवा दुबार होती आणि किती मावशींसारखी, हे आकड्यावरून समजत नाही. पण २००५ च्या कायद्यातली एक तरतूद मला महत्त्वाची वाटली. एखाद्या कुटुंबाने खोटी माहिती देऊन नोंद केली अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरी नाव काढण्याआधी त्या कुटुंबाला दोन त्रयस्थ माणसांसमोर म्हणणं मांडायची संधी द्यायची, असं परिशिष्टात लिहिलं आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं की बटण दाबण्याआधी माणसाला विचारायला हवं. मी ताईला विचारलं नव्हतं. एक मेसेज पुरला असता.

‘दुबार’ या कारणाबद्दलही आमच्याकडे जरा जपून बोलतात. आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेलं केरामेरी मंडल आणि चंद्रपूरचा जिवती तालुका यांच्या मध्ये डझनभर गावं अशी आहेत, ज्यांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. तिथे अनेकांकडे दोन्ही राज्यांची रेशन कार्डं, दोन्हीकडची मतदार ओळखपत्रं आहेत. यंत्राला ही दोन खाती दिसतील. पण माणूस एकच, आणि त्याने काही लबाडी केलेली नाही, दोन सरकारांनी त्याच्या घरावर दोन पाट्या लावल्या आहेत. रेडमाइनमध्येही दुबार अकाउंट बहुतेक वेळा फसवणुकीतून येत नाही, अॅडमिनच्या घाईतून येतं. यूझर्सची यादी उघडली की सुरुवातीला फक्त अॅक्टिव्ह लोक दिसतात. लॉक केलेला माणूस दिसत नाही. नवीन अॅडमिनला वाटतं, हा नाहीच. तो नवीन अकाउंट करायला जातो, सॉफ्टवेअर म्हणतं हा ईमेल आधीच वापरात आहे, मग हा दुसरा ईमेल मागून घेतो. झालं, एका माणसाची दोन खाती! म्हणून आधी यादीच्या वरचा स्टेटसचा फिल्टर बदलून बघा. जो दिसत नाही तो नाहीच, असं समजू नका.

दुसरी गोष्ट माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला लागतो, म्हणून मी तिच्याबरोबर चर्चच्या ऑफिसात गेले. तिचा बाप्तिस्मा १९९८ चा. तेव्हा हा भाग चांदा धर्मप्रांतात होता. आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा झाला १९९९ मध्ये. शिक्का बदलला, पण वही तीच. फादरनी जाडजूड वही काढली, पान शोधलं. मी वाकून बघत होते. एकेका नावासमोर मोकळी जागा होती, आणि काहींच्या समोर बारीक अक्षरात पुढे लिहिलेलं: दृढीकरण कधी झालं, लग्न कुठे झालं, एकीच्या समोर सिस्टर झाल्याची नोंद. मी विचारलं, “फादर, कुणी गाव सोडून गेलं तर नाव काढता का?” ते हसले. “नाव खोडायचं नाही. जे बदललं ते बाजूला लिहायचं. नाहीतर दाखला कशावरून देणार?”

मला तिथेच, त्या लाकडी बाकावर, रेडमाइनमधलं लॉक नीट समजलं. माणसाची स्थिती बदलते. नोंद त्याच माणसाची राहते. माझ्या आजोबांच्याच कागदांवर बघा ना: गाव एकच, पण आधी हैदराबाद राज्य, १९५६ पासून आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगणा. शेत कुठे हललं नाही. प्रत्येक वेळी जुना सातबारा जाळून नवा केला असता तर काय झालं असतं?

बरं, डिलीट कधी करायचंच नाही का? करायचं. कुणीतरी जाहिराती टाकण्यासाठी खोट्या नावाने नोंदणी केली, एकही ओळ लिहिली नाही, ते अकाउंट खुशाल डिलीट करा. चाचणीसाठी केलेलं अकाउंटही. आणि एखाद्या माणसाने स्वतःहून सांगितलं की माझं नाव इथून काढा, तर तो त्याचा हक्क आहे. कुणाला आपल्या जुन्या कविता नको असतात, कुणाला आपला जुना पत्ता कुठे राहू द्यायचा नसतो. तिथे ‘इतिहास जपायचा आहे’ म्हणून अडून बसणं बरोबर नाही. रेडमाइनचीच एक शाखा पुढे वाढून ओपनप्रोजेक्ट झाली, तिथेही हेच आहे: लॉक करता येतं, आणि डिलीट केलं तर लिखाणावर ‘डिलीट केलेला यूझर’ असं येतं. सॉफ्टवेअर दोन्ही बटणं देतं. कोणतं दाबायचं हे ज्याचं नाव आहे त्याला विचारून ठरवायचं.

उलट बाजूही सांगायला हवी. भीतीपोटी सगळ्यांची अकाउंट्स अॅक्टिव्ह ठेवणंही चूक आहे. गेलेल्या माणसाचं चालू अकाउंट म्हणजे किल्ली दारालाच ठेवून गेलेलं घर. त्याचा पासवर्ड जुना, कदाचित दहा ठिकाणी वापरलेला. कुणाच्या हाती लागला तर आपल्या नकळत तो आत. शिवाय त्या माणसालाही आपल्या सूचनांचे ईमेल वर्षानुवर्षं जात राहतात. निरोप देणंही नीट झालं पाहिजे.

आता ताईच्या टिपांचं काय झालं ते सांगते. अॅडमिनदादाकडे तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप होता. तो सर्व्हरवर जसाच्या तसा परत टाकला असता तर ताई परत आली असती, पण मधल्या तीन आठवड्यांचं सगळ्यांचं काम गेलं असतं. एकीचं नाव वाचवायला बाकीच्यांचं काम पुसायचं, हेही पटेना. शेवटी त्याने तो बॅकअप स्वतःच्या लॅपटॉपवर उघडला आणि ताईच्या टिपा कुठे कुठे होत्या त्याची यादी मला पाठवली. मी आदिलाबादच्या उकाड्यात, पंख्याखाली बसून, एकेका इश्यूखाली लिहीत गेले: वरची अनामिक टीप कुणाची आहे. पाच रात्री लागल्या. त्या निमित्ताने मी ताईच्या सगळ्या टिपा वाचल्या. अनुस्वार कुठे, स्वल्पविराम का, एखादा शब्द कवीने मुद्दाम बोलीतला ठेवला असेल तर तो ‘दुरुस्त’ करू नका म्हणून संपादकाशी घातलेला वाद. मुद्रितशोधन मी तेव्हा शिकले.

मग ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, “माझं नाव जाऊ दे गं. पण त्या वादांत मी कुणाच्या बाजूने होते ते राहिलं पाहिजे.” तिचं नवीन अकाउंट करून, लगेच लॉक करून ठेवलं आहे. कधी पाहुणी मुद्रितशोधक म्हणून आली तर उघडू.

मावशींचं म्हणाल, तर आम्ही अर्ज लिहून दिला आहे, कार्डाची झेरॉक्स आणि फोटो लावून. पोच घेतली. हा लेख लिहीपर्यंत नाव आलेलं नव्हतं. मावशी दर आठवड्याला विचारतात.

शेवटी, पुढच्या अॅडमिनसाठी माझ्या वहीत लिहिलेलं इथे उतरवते. आठवड्यातून एकदा ‘रजिस्टर्ड’ची यादी बघ, बाहेर कुणी उभं आहे का. कुणी मंडळ सोडत असेल तर आधी त्याच्याकडची अर्धवट कामं दुसऱ्याकडे दे, मग लॉक कर, आणि लॉक केल्याचं त्याला कळव. डिलीट करण्याआधी दोन गोष्टी बघ: या माणसाने इथे काही लिहिलंय का, आणि त्याला विचारलंय का. एका उत्तरावर तरी शंका असेल तर हात मागे घे. बॅकअप महिन्याला नको, आठवड्याला घे.

आणि माझं अकाउंट मार्चनंतर लॉक कर. डिलीट नको.